व्हिक्टर शोस्त्रम : बर्गमनच्या आधीचा स्वीडिश सिनेमा

सावली

'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' पाहिलेल्या कुणालाही त्यातला म्हातारा प्राध्यापक विसरता येत नाही. मानाची पदवी घ्यायला मोटारीने लुंडला निघालेला आणि वाटेत स्वतःच्याच कोरडेपणाशी गाठ पडलेला इसाक बोर्ग. ही भूमिका करणारा व्हिक्टर शोस्त्रम तेव्हा ७७ वर्षांचा होता. आपल्याकडे त्याची ओळख बहुतेक वेळा इथेच संपते, इंगमार बर्गमन या स्वीडिश दिग्दर्शकाच्या सिनेमातला म्हातारा म्हणून. मला ही ओळख फार अपुरी वाटते. बर्गमन १९१८च्या जुलैत जन्मला. तोवर शोस्त्रमचे 'इंगेबोर्ग होल्म', 'तेर्ये विगेन' आणि 'द आउटलॉ अँड हिज वाइफ' हे तिन्ही सिनेमे लोकांनी पाहिलेले होते. या माणसावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

जन्म २० सप्टेंबर १८७९, स्वीडनच्या पश्चिमेकडच्या वेर्मलांड प्रांतात. तो तान्हा असतानाच घरचे अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहिले. सात वर्षांचा होईतो आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. किशोरवयात पोराची रवानगी पुन्हा स्वीडनला नातेवाइकांकडे झाली आणि तिथे विशीच्या आतच तो फिरत्या नाटक कंपनीत शिरला. आई नसलेली मुलं आणि मुलं हिरावलेल्या आया त्याच्या सिनेमांत पुन्हा पुन्हा येतात. त्याचं मूळ या बालपणात आहे असं मला वाटतं, पण त्यावर फार ताणून काही बोलणार नाही.

१९१२मध्ये चार्ल्स मॅग्नुसनने त्याला स्वेन्स्का बायोग्राफ या कंपनीत घेतलं. स्टॉकहोमला लागून असलेल्या लिडिंगो बेटावर त्यांचा स्टुडिओ होता. त्याच वर्षी मॉरिट्झ स्टिलरही आला. पुढे ग्रेटा गार्बो या नटीला घडवणारा दिग्दर्शक तोच स्टिलर. स्वीडनमध्ये सरकारी सेन्सॉर नुकताच, १९११मध्ये सुरू झाला होता आणि शोस्त्रमने दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच सिनेमावर, 'द गार्डनर'वर, त्याने बंदी घातली. पटकथा स्टिलरची होती. एका तरुण मुलीवर होणारा अत्याचार आणि तिचा शेवट, असा विषय. हा सिनेमा हरवला असं सगळे धरून चालले होते, पण १९८०च्या सुमारास त्याची प्रत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली.

आता १९१३च्या 'इंगेबोर्ग होल्म'कडे येते. धागा काढला तो मुख्यतः याच सिनेमासाठी.

गोष्ट साधी आहे. नवऱ्याने नुकतंच दुकान काढलंय, तीन मुलं आहेत, घर सुखात आहे. नवरा आजारी पडून जातो. दुकान बुडतं, इंगेबोर्ग स्वतः आजारी पडते आणि मुलांसकट गरीबगृहाच्या दारात येऊन उभी राहते. तिथला नियम असा की मुलं आईजवळ राहणार नाहीत. पैसे घेऊन सांभाळणाऱ्या परक्या घरांत ती वाटली जातात.

ताटातुटीचा प्रसंग शोस्त्रमने कसा घेतलाय ते पाहा. कॅमेरा एका जागी ठेवलेला, मध्ये काटछाट नाही. मुलगा पालक बाईचा हात धरून निघतो, चार पावलं जातो आणि धावत परत येऊन आईला बिलगतो. पुन्हा निघतो. या वेळी आई चटकन दाराआड होते, त्याने वळून पाहिलं तर आपण दिसू नये म्हणून. तो गेल्यावर ती बाहेर येते आणि कोसळते. त्या काळच्या पडद्यावर दुःख म्हणजे कपाळावर हात, आकाशाकडे नजर आणि छाती बडवणं. इथे महत्त्वाच्या क्षणी माणसं चक्क आपल्याकडे पाठ करून उभी राहतात. हिल्डा बोर्गस्ट्रम या नटीचा चेहरा दिसत नसताना तिच्या खांद्यांवरून सगळं कळतं.

पुढे मुलगी आजारी असल्याचं कळतं. भेटीला जायची परवानगी मिळत नाही म्हणून इंगेबोर्ग रात्री पळून जाते, पोलीस पकडून आणतात. मग कधीतरी सर्वांत धाकटं मूल भेटीला आणलं जातं. ते आईला ओळखतच नाही. ती अंगावरच्या रुमालाची बाहुली करून त्याला खेळवू पाहते, मूल रडून तोंड फिरवतं. तिथे तिचं भान सुटतं. नंतरची कित्येक वर्षं ती लाकडाचा तुकडा मांडीवर घेऊन जोजवत बसलेली असते.

या सगळ्यात खलनायक कुणी नाही. गरीबगृहाचे अधिकारी कागदावर बोट ठेवून वागतात, एवढंच. शंभर वर्षांपूर्वीच्या दिग्दर्शकाला ही दृष्टी होती याचं मला अजून नवल वाटतं.

'तेर्ये विगेन' (१९१७) इब्सेनच्या दीर्घकवितेवरचा. नेपोलियनच्या युद्धात इंग्रजांनी नॉर्वेची नाकेबंदी केलेली. बायको आणि तान्ही मुलगी उपाशी आहेत म्हणून एक खलाशी होडी वल्हवत डेन्मार्कला धान्य आणायला जातो, परतताना पकडला जातो. वर्षांनी सुटून येतो तेव्हा घरात कुणी उरलेलं नाही. प्रमुख भूमिका शोस्त्रमचीच. समुद्र खरा, खडक खरे. त्या काळच्या मानाने या सिनेमावर पैसा पाण्यासारखा ओतला होता. तो चालला आणि कंपनीने धोरणच बदललं: कमी सिनेमे, पण मोठे, आणि चांगल्या साहित्यावर आधारलेले. स्वीडिश मूकपटांचा सुवर्णकाळ म्हणतात तो इथून पुढचा.

'द आउटलॉ अँड हिज वाइफ' आइसलँडची कथा, पण महायुद्धामुळे तिकडे जाता येईना म्हणून उत्तर स्वीडनमध्ये आबिस्कोच्या डोंगरांत चित्रण झालं. नायिका एडिथ एरास्टॉफ. पुढे १९२२मध्ये दोघांनी लग्न केलं.

आणि १ जानेवारी १९२१ला आला 'द फँटम कॅरेज'. सेल्मा लागरलॉफ या नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या लेखिका. त्यांची कादंबरी होती, क्षयरोगाबद्दल लोकांना सावध करण्याच्या कामातून लिहिलेली. वर्षाच्या शेवटच्या रात्री बाराच्या ठोक्याला जो मरेल त्याने पुढचं वर्षभर मृत्यूची गाडी हाकायची, मेलेल्यांचे आत्मे गोळा करायचे. दारुडा डेव्हिड होल्म नेमका त्या ठोक्याला मरतो. भूमिका पुन्हा शोस्त्रमची.

हॉलीवूडचा भाग मोठा आहे, तो खाली प्रतिसादात लिहिते.

कोकणकडा

सावलीताई, वाचनखूण साठवली. १९१३ हे साल वाचून थबकलो. मे महिन्यात मुंबईत कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिकडे 'इंगेबोर्ग होल्म'. दादासाहेब पुराणकथेकडे गेले, हा गृहस्थ थेट गरीबगृहात. आपल्याकडे सावकारी आणि गरिबीवरचा सिनेमा यायला बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'पर्यंत, म्हणजे १९२५पर्यंत थांबावं लागलं.

एक विचारायचं होतं. या सिनेमामुळे स्वीडनचा कायदा बदलला असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

सावली

कोकणकडा, धन्यवाद. सिनेमा आल्यावर वर्तमानपत्रांत जोरदार वाद झाला हे खरं. असं काही आमच्याकडे घडत नाही, म्हणून काहींनी हात झटकले. उलट बाजूने प्रत्यक्ष काम करणारी माणसं उभी राहिली. १९१८मध्ये गरिबांच्या मदतीचा नवा कायदा आला. निराधार माणसं सांभाळायला कमीत कमी पैसे मागणाऱ्याच्या हवाली करायची, म्हणजे उलटा लिलाव, अशी जुनी पद्धत होती. ती त्या कायद्याने बंद झाली. सुधारणेची चळवळ मात्र आधीपासून चालू होती, त्यामुळे सगळं श्रेय सिनेमाला देणं त्या लोकांवर अन्याय होईल. जे प्रेक्षक गरीबगृहाच्या वाटेला कधी गेले नसते, त्यांना सिनेमाने आत नेऊन बसवलं. माझ्या लेखी हेही थोडं नाही.

रिळवाला

लेख आवडला. थिएटरात प्रोजेक्टर चालवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे 'फँटम कॅरेज'मधल्या भुतांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आज वाटतं, त्यात काय, कॉम्प्युटरवर दोन चित्रं एकावर एक ठेवली की झालं. तेव्हा हे सगळं कॅमेऱ्याच्या आत करायचं होतं. युलियस येन्सॉन हा त्यांचा छायाचित्रकार. आधी खोली, रस्ता, जिवंत माणसं चित्रित करायची. मग तीच फिल्म अंधारात मागे गुंडाळायची आणि काळ्या पार्श्वभूमीपुढे भूत, गाडी, घोडा तिच्यावरच पुन्हा चित्रित करायचा. कॅमेरा हाताने फिरवायचा. दुसऱ्या खेपेला हाताचा वेग बदलला की भुताची चाल बिघडली. कॅमेरा केसभर हलला की भूत जमिनीच्या वर तरंगायला लागलं. चूक झाली तर आधीचं चांगलं चित्रणही वाया. काही ठिकाणी असे चार थर आहेत म्हणतात.

शिवाय ही भुतं सपाट नाहीत. गाडीवान टेबलामागून जातो तेव्हा टेबलाने झाकला जातो, पुढे आला की आरपार दिसतो. त्यासाठी प्रत्येक थराचा प्रकाश वेगळा बेतावा लागतो. बुडालेल्या माणसाचा आत्मा आणायला गाडी समुद्रावरून चालत जाते आणि गाडीवान पाण्याखाली उतरतो, तो भाग तर मी थांबवून थांबवून पाहतो.

जुन्या फिल्मांचं म्हणाल तर नायट्रेट हा ज्वालाग्राही माल, गोदाम थंड ठेवलं नाही तर काही खरं नाही. १९४१च्या सप्टेंबरात स्टॉकहोममध्ये कंपनीच्या गोदामात स्फोट झाला आणि मूकपटांच्या मूळ निगेटिव्हांचा बहुतेक साठा जळून गेला. शोस्त्रमचे सुरुवातीचे बरेच सिनेमे आज मिळत नाहीत, त्याला हेही एक कारण. २००३मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात आपल्याकडच्या नायट्रेट फिल्मांना आग लागली होती, त्याची आठवण झाली.

पाचूबेट

वेगळं मत मांडते, राग नसावा. 'फँटम कॅरेज' फिल्म क्लबमध्ये पाहिला होता. तंत्र थक्क करणारं आहे यात वाद नाही. पण गोष्ट मला उपदेशाची वाटली. दारू वाईट, मुक्तिफौजेची (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेची) बहीण देवासारखी, शेवटी दारुड्याला पश्चात्ताप. 'इंगेबोर्ग होल्म'बद्दल सावलीने लिहिलंय तो संयम इथे कुठे दिसतो?

सावली

पाचूबेट, राग कसला. शेवट मलाही घाईचा वाटतो आणि बहीण एडितचं पात्र सरळ चांगुलपणाचं आहे, हे कबूल. पण कोटाचा प्रसंग आठव.

डेव्हिड होल्म मुक्तिफौजेच्या आश्रयाला येऊन झोपतो. त्याचा कोट फाटका, घाणेरडा आणि क्षयाचा संसर्ग असलेला. एडित रात्रभर जागून तो शिवते आणि तो आजार तिला तिथेच जडतो. सकाळी डेव्हिड उठतो, कोट पाहतो, कुणी शिवला ते विचारतो. तिला समोर बोलावून घेतो आणि तिच्यादेखत एकेक ठिगळ ओढून काढतो, हसत हसत. उपदेश करणारा दिग्दर्शक प्रेक्षकाला दारुड्याची कीव येईल अशी सोय करून ठेवतो. शोस्त्रम या माणसाला इतका दुष्ट करतो की त्याच्याबरोबर बसवत नाही. आणि ही भूमिका त्याने दुसऱ्या कुणाला दिली नाही, स्वतः केली. पुढे तो मुलांच्या तोंडावर मुद्दाम खोकतो. बायको त्याला स्वयंपाकघरात कोंडते, तेव्हा कुऱ्हाडीने दार फोडतो. 'द शायनिंग'मधला दार फोडण्याचा प्रसंग पाहणाऱ्याला हा आठवतोच.

ती बायको म्हणजे पुन्हा हिल्डा बोर्गस्ट्रम. आठ वर्षांपूर्वी इंगेबोर्ग होल्म झालेली नटी इथे परत श्रीमती होल्म आहे. आडनाव तेच, हाल तेच. दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहिले तर अंगावर काटा येतो.

पाचूबेट

कोट विसरले होते. ते ठिगळ ओढणं खरंच भयंकर आहे. पुन्हा पाहीन. पण शेवटाबद्दलचं मत कायम!

उत्तरायण

स्टॉकहोमहून लिहितोय. लेख वाचून फार बरं वाटलं. इथे सोल्ना भागात रोसुंदाच्या जुन्या स्टुडिओच्या इमारती अजून उभ्या आहेत. 'फँटम कॅरेज' तिथे नव्याने बांधलेल्या स्टुडिओत झाला आणि त्याच आवारात पुढे बर्गमनने काम केलं. दोघांमधला धागा तिथे फिरताना जाणवतो.

१९४३ ते १९४९ या काळात शोस्त्रम स्वेन्स्क फिल्मइंडस्ट्रीचा कलाविषयक सल्लागार होता. कंपनी तीच, १९१९च्या विलीनीकरणानंतर नाव बदललेली. बर्गमन पहिला सिनेमा करत होता, 'क्रायसिस', आणि सगळ्यांशी भांडत होता. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की शोस्त्रम यायचा, त्याची मानगूट पकडून स्टुडिओबाहेर त्याला मागेपुढे चालवत राहायचा आणि बोलायचा. सांगणं असं की प्रसंग उगाच गुंतागुंतीचे करू नकोस, नटांना समोरून साधेपणाने घे, सगळ्यांशी वाकडं घेऊ नकोस. 'फँटम कॅरेज' तर बर्गमन दरवर्षी पाहायचा.

'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'च्या वेळी शोस्त्रमची तब्येत बरी नव्हती, वाक्यं विसरायचा. संध्याकाळी पाचच्या सुमारास घरी पोचून व्हिस्की मिळाली पाहिजे, ही त्याची अट. शेवटी इसाकला लांबवर आईवडील दिसतात, तो प्रसंग संध्याकाळच्या उन्हातच घ्यायचा होता, म्हणजे नेमका व्हिस्कीच्या वेळेला. म्हातारा चिडलेला, कुरकुरत उभा राहिला. आणि कॅमेरा चालू झाल्यावर चेहऱ्यावर जे उमटलं ते आपण पडद्यावर पाहतो. त्या सिनेमाला १९५८मध्ये बर्लिनला गोल्डन बेअर मिळाला. ३ जानेवारी १९६०ला शोस्त्रम गेला.

सावली

उत्तरायण, तुमच्या प्रतिसादाने मला जे म्हणायचं होतं ते नेमकं पुढे आलं. प्रसंग साधा ठेव, नटावर विश्वास टाक, हा सल्ला देणारा माणूस १९१३मध्ये स्वतः तेच करत होता. आई दाराआड होते तेव्हा त्याने कॅमेरा तिच्यामागे धाडला नाही. १९५७मध्ये तो स्वतः कॅमेऱ्यासमोर होता आणि तेव्हाही चेहऱ्यावर काही 'करून' दाखवलं नाही.

आता हॉलीवूडचा राहिलेला भाग.

१९२३मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथे त्याचं नाव 'सीस्ट्रॉम' असं सोपं करून टाकलं. १९२४चा 'ही हू गेट्स स्लॅप्ड' हा नव्यानेच उभ्या राहिलेल्या एमजीएमने तयार केलेला पहिला सिनेमा. एका शास्त्रज्ञाचं संशोधन आणि बायको दोन्ही त्याचा आश्रयदाता बळकावतो आणि भर सभेत त्याला थोबाडीत मारतो, विद्वान मंडळी हसतात. तो सर्कशीत विदूषक होतो आणि तिथे रोज थपडा खाण्याचाच खेळ करतो. लॉन चेनीचं काम बघण्यासारखं.

मग लिलियन गिश या नटीबरोबर दोन सिनेमे. 'द स्कार्लेट लेटर'मध्ये (१९२६) नायक लार्स हान्सन स्वीडिश. तो स्वीडिशमध्ये बोलायचा, गिश इंग्रजीत, आणि मूकपट असल्यामुळे काही अडत नव्हतं. दुसरा 'द विंड' (१९२८), त्याच्या अमेरिकेतल्या कामातला सर्वांत मोठा.

व्हर्जिनियाची एक मुलगी टेक्सासच्या उजाड माळावर राहायला येते आणि तिथला वारा थांबतच नाही. चित्रण मोहावीच्या वाळवंटात झालं. विमानांचे पंखे लावून वाळू उडवायचे. उष्णता इतकी की फिल्मवरचा लेप खराब होऊ नये म्हणून ती थंड ठेवावी लागे. मोटारीच्या दाराला हात लावला तर गिशचा हात भाजला, हे तिनेच सांगितलंय. सिनेमात वारा म्हणजे आकाशातून उधळत येणारा एक पांढरा घोडा, 'फँटम कॅरेज'सारखाच चित्रावर चित्र चढवून केलेला. मुलगी अत्याचार करणाऱ्या माणसाला मारते, वाळूत पुरते आणि खिडकीतून बघत राहते. वारा वाळू उडवून नेतो, प्रेत हळूहळू उघडं पडतं. मूकपट असून त्यातला वारा कानांना ऐकू येतो, असं मला दर वेळी वाटतं.

कोकणकडा

मग एवढं सगळं जमलेलं असताना तो परत का गेला? आणि 'द विंड'चा शेवट स्टुडिओने बदलला होता ना?

सावली

शेवटाबद्दल गिश नंतर सांगत असे की मूळ कादंबरीप्रमाणे मुलगी वादळात चालत निघून जाते असा शेवट होता आणि तो वरच्यांनी बदलायला लावला. काही अभ्यासकांना ते पटत नाही, कारण गोड शेवट पटकथेतच होता असं त्यांचं म्हणणं. मला पडद्यावरचा शेवट खटकतो. इतका वेळ जिला वाऱ्याने वेडं केलं, तिला एकदम भीतीच वाटेनाशी होते, हे पचत नाही.

परत जाण्याचं एक कारण उघड आहे. १९२८मध्ये बोलपट आले होते आणि त्या गडबडीत 'द विंड'सारख्या सिनेमाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. १९३०मध्ये त्याने तिथे एक बोलपट केला आणि त्याच वर्षी तो स्वीडनला परतला. त्याच्या अमेरिकेतल्या कामाचीही पडझड झालीय. 'द टॉवर ऑफ लाइज' मिळतच नाही. गार्बोच्या 'द डिव्हाइन वुमन'चा फक्त एक छोटा तुकडा उरलाय, तोही मॉस्कोत सापडलेला. परतल्यावर दिग्दर्शन जवळजवळ थांबलं. शेवटचा सिनेमा १९३७चा, 'अंडर द रेड रोब', तो इंग्लंडमध्ये केला. त्यानंतर वीसेक वर्षं तो प्रामुख्याने नट म्हणूनच राहिला. साठीही न गाठलेल्या इतक्या मोठ्या दिग्दर्शकाने असं थांबावं याची मला फार हळहळ वाटते.

रिळवाला

नव्याने पाहणाऱ्यांसाठी क्रम सांगाल का? आमच्या इथली कॉलेजची पोरं मूकपट म्हटलं की लांब पळतात.

सावली

काका, माझ्या मते सुरुवात 'द विंड'ने करावी. तासा-सव्वातासाचा आहे, वेगवान आहे आणि कार्ल डेव्हिसच्या संगीताची प्रत मिळाली तर मुलं जागची हलणार नाहीत. मग 'फँटम कॅरेज', तो मात्र रात्रीच. त्याला मात्ती ब्युए यांचं संगीत असलेली प्रत पाहा. दुसरी एक प्रत आधुनिक इलेक्ट्रॉनिक संगीताची आहे, ती अंगावर येणारी आहे पण पहिल्यांदा पाहताना नको. 'इंगेबोर्ग होल्म' तिसरा ठेवा. स्थिर कॅमेऱ्याची सवय व्हायला पहिली दहा-पंधरा मिनिटं जातात, तेवढी त्यांना द्यायला सांगा. त्यात कुठे पाहायचं ते दिग्दर्शक सांगत नाही, चौकटीत मागच्या दारातून कोण आत येतंय यावरही नजर ठेवावी लागते. 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' सगळ्यांत शेवटी.

रिळवाला

छान. रविवारी 'द विंड' लावतो, काय म्हणतात ते इथेच कळवतो.